वरुड–मोर्शी–अचलपूर: संत्राबागा, पांदण आणि सातपुड्याचा पायथा (ग्रॅव्हल सायकलसाठी मार्ग)

पांदणवाट (धागाकर्ता)

कच्च्या रस्त्यावरच्या सायकलिंगचा (म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंगचा) नेटवर मिळणारा सल्ला बहुतेक बाहेरचा असतो. इटलीतल्या तोस्कानात द्राक्षमळे, टेकड्या, दगडी गावं आणि त्यांना जोडणारे पांढरे कच्चे रस्ते. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणूनच कियांतीतल्या गायोले गावी १९९७ साली जुन्या सायकलींची ‘एरोइका’ ही राइड सुरू झाली. आपल्या अमरावती जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यात ही सगळी सामग्री आहे: बागा, मागे सातपुडा, आठशे-हजार वर्षं जुनी गावं, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पांदणी, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटा. फक्त तिथला सल्ला जसाच्या तसा उचलला तर फसगत होते. तिथला रस्ता चुनखडीच्या खडीचा, पाणी लवकर निचरतं. आपल्याकडे बेसाल्ट झिजून झालेली काळी माती. टायर, दाब, महिना, वेळ, सगळं तिच्या कलानं ठरवावं लागतं.

डिसेंबर अखेरीसाठी आराखडा असा केला आहे, रोज ४५ ते ६० किलोमीटर:

पहिला दिवस मोर्शीहून हिवरखेड–बेनोडा–जरूडच्या बाजूनं, मुख्य रस्ता टाळून पांदणींनी वरुड, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी शेंदुरजनाघाट, मग पायथ्यापायथ्यानं सालबर्डी आणि परत मोर्शी. तिसऱ्या दिवशी रिद्धपूर, चांदूर बाजार, अचलपूर. जमलं तर चौथा दिवस मुक्तागिरी किंवा चिखलदरा.

दोन सायकली आहेत, दोन्ही डिस्क ब्रेकच्या. एकीला ७०० बाय ४२ टायर (४२ मिलिमीटर रुंद), दुसरीला ७०० बाय ३८. सामान प्रत्येकी ५-६ किलो. जाणकारांनी यात चुका काढाव्यात, म्हणून धागा उघडला.

मुरूमखडी

आराखडा चांगला आहे. आधी मातीचं सांगतो, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून.

या पट्ट्यात तीन जातीचे रस्ते लागतील. नदी-नाल्यांच्या काठची सपाट जमीन म्हणजे भारी काळी माती, तीन-चार फूट खोल. मधल्या बागांच्या जमिनी मध्यम, खाली मुरूम. पायथ्याला लागलात की हलकी बरड जमीन, तांबूस मुरूम आणि गोटे. ग्रॅव्हल सायकलला दुसरा आणि तिसरा प्रकार उत्तम. पहिला प्रकार कोरडा असेल तर चालतो, ओला असेल तर अजिबात नाही.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि कोरडी झाली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि पाच मिलिमीटर पाऊस झाला तरी वरचा थर टायरला चिकटायला लागतो. चिकटलेल्या मातीवर पुढची माती चिकटते. वीस-पंचवीस फेऱ्यांत फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या बाजूच्या नळ्या) मधली फट भरते आणि चाक थांबतं. तिथे पायडल मारण्याचा हट्ट केला की मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) चेनबरोबर वर ओढला जातो आणि हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटतो. मातीत मोडलेल्या सायकलींची ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ती पूर्ण टाळता येते: चाक जड झालं त्या क्षणी उतरा, उचला, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतातून न्या.

ओल ओळखायची सोपी रीत: पांदणीवरची चिमूटभर माती बोटांत मळून वळी करून बघा. वळी लांबली आणि तुटली नाही तर त्या पांदणीत शिरू नका, दुसरा रस्ता घ्या. चुरा झाला तर बिनधास्त जा. वर सुकलेली पापडी असते आणि खाली ओल असते, त्यामुळे दोन इंच खालची माती घ्यायची.

पाऊस गेल्यावर मुरमाचा रस्ता एका दिवसात चालता होतो, काळ्या मातीच्या पांदणीला सात-आठ दिवस ऊन लागतं. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळीची दाटी असेल तर सावलीमुळे अजून जास्त.

वर्धेकाठ

मुरूमखडी दादांनी सांगितलं त्यात महिन्यांची भर घालते.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला पंधरवडा हा हंगाम. ऑक्टोबरमध्ये गवत उंच असतं, चाकोऱ्या दिसत नाहीत, रपट्यांवर (नाल्यावरच्या बुटक्या पुलांवर) शेवाळ असतं. नोव्हेंबर-डिसेंबर सर्वांत चांगला. फेब्रुवारीत अवकाळी आणि गारपिटीचा धोका, तेव्हा रोज सकाळी अंदाज बघून काळ्या मातीचा टप्पा ठेवायचा की गाळायचा ते ठरवा. मार्चनंतर पांदणीवर फुफाटा होतो, घोट्याएवढा. त्यात पुढचं चाक रुततं आणि चेन दोन तासांत कोरडी पडते. एप्रिल-मे विदर्भात दिवसाची राइड नकोच.

रपटा ओलांडताना: पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर उतरा. शेवाळ दिसलं तर पायडल थांबवा, हँडल सरळ, ब्रेकला हात नाही, वळण नाही. रपट्याच्या मधल्या भागापेक्षा ट्रॅक्टरच्या चाकांनी घासलेल्या दोन पट्ट्या कमी निसरड्या असतात.

सीलंट

टायरबद्दल. ४२ चा टायर ठीक. पण फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान ६-७ मिलिमीटर मोकळी जागा राहते का ते मोजा. फ्रेमची कमाल मर्यादा ४५ असेल तर ४५ चा टायर घालू नका, ४० घाला. काळ्या मातीत रुंद टायरपेक्षा मोकळी फट जास्त कामाची. या कारणानं तुमच्या दोन सायकलींत ३८ वाली कदाचित पुढे जाईल. पूर्ण लांबीचे मडगार्ड काढून ठेवा, माती तिथेच आधी अडकते.

दाब: सायकलस्वार, सायकल, सामान मिळून ८५-९० किलो धरले तर ४२ च्या ट्यूबलेसला पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून सुरुवात करा. ३८ ला दोन्हीकडे ५ जास्त. नवी गिट्टी टाकलेला रस्ता असेल तर ३ वाढवा, नाहीतर टोकदार दगडावर रिम आपटते. फुफाट्यात ३ कमी करा. ट्यूब घालून चालवणार असाल तर सगळीकडे ६-८ जास्त. कमी दाबात दगडावर ट्यूब रिमखाली चेपून तिला दोन समांतर भोकं पडतात आणि ठिगळ लावायला वेळ जातो.

मात्र इथे ट्यूब घालूच नका असं सांगेन. कारण काटे. बाभळीचा काटा दोन इंचांपर्यंत असतो, सरळ आणि कडक. शेताच्या कुंपणाला तोडलेल्या बाभळी-बोरीच्या फांद्या लावतात, त्या ओढून नेताना काटे पांदणीभर सांडतात. हिवर आहे. जमिनीलगत सराटे म्हणजे गोखरू आहेत, त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर असतो. ट्यूब असेल तर दिवसाला चार-पाच पंक्चर सहज.

सीलंटचं (ट्यूबलेस टायरमधलं भोक आपोआप बुजवणाऱ्या द्रवाचं) प्रमाण: डब्यावर ४०-४५ च्या टायरला ६० मिलिलिटर लिहिलेलं असतं. विदर्भात ९० ते १०० घाला. उष्णतेनं त्यातलं लॅटेक्स लवकर सुकतं. हिवाळ्यात दोन महिन्यांनी आणि उन्हाळ्यात दर चार-पाच आठवड्यांनी वाल्व्हचा गाभा काढून बारीक केबल टाय आत घाला. टोक ओलं आलं तर ठीक, कोरडं आलं तर ३०-४० मिलिलिटर पुन्हा. हवा भरायला सीओटू कार्ट्रिज (गॅसची छोटी नळकांडी) वापरू नका, त्या गार वायूनं लॅटेक्सच्या गुठळ्या होतात. हातपंप न्या.

काटा दिसला तर: छोटा असेल, हवा जात नसेल, तर राहू द्या, मुक्कामी काढा. एक इंचाहून मोठा असेल तर तेव्हाच काढा, कारण आतलं टोक रिमच्या टेपला भोक पाडू शकतं. आधी चाक फिरवून ती जागा जमिनीकडे आणा, मग काढा आणि लगेच दोन-चार फेऱ्या द्या. सीलंट भोकावर येऊन बसतं.

काट्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे तुरीची खुंटं. विळ्यानं तिरपी कापलेली असतात, सुकल्यावर खिळ्यासारखी टणक. पऱ्हाटीची (कपाशीची) खुंटंही तशीच. ती टायरच्या बाजूची भिंत चिरतात, आणि अर्ध्या सेंटिमीटरची चीर सीलंट भरू शकत नाही. त्यासाठी प्लग (भोकात ठोसायच्या रबरी वाती) दोन जाडीचे, शिवाय टायरच्या आतून लावायला जुन्या टायरचा ३ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा. डिसेंबर अखेर-जानेवारीत तुरीची कापणी होते, म्हणून रिकाम्या दिसणाऱ्या शेतातून आडवाट काढू नका.

खामगाववाला

सीलंट भाऊ, प्लग बसला नाही आणि ट्यूब टाकायचीच वेळ आली तर गावातल्या पंक्चरवाल्याकडे काय मिळतं? ७०० ची ट्यूब तर नसणार.

सीलंट

नाही मिळत. म्हणून दोघांत मिळून तीन ट्यूब सोबत न्या, ७०० बाय ३५-४३ अशी छापील मर्यादा असलेल्या.

गावात जुन्या मोठ्या सायकलची २८ बाय दीड इंची ट्यूब मिळते. मापानं ती ४० च्या टायरमध्ये जवळपास बसते. अडचण वाल्व्हची. तिचा वाल्व्ह ८ मिलिमीटर जाड, आणि तुमच्या रिमला प्रेस्टाचं (बारीक वाल्व्हचं) साडेसहा मिलिमीटरचं भोक. आत जातच नाही. भोक मोठं करायला रिम पोखरू नका. भोक आधीपासून मोठं असलेल्या जाड रिमवाल्या हायब्रिडला मात्र ही युक्ती लागू पडते.

दुसरं, प्रेस्टासाठी पितळी ॲडॉप्टर दोन न्या. ॲडॉप्टर लावला की मोटारसायकलचा कॉम्प्रेसर चालतो. पण कॉम्प्रेसरवाला सवयीनं ५०-६० मारतो. मीटर स्वतः बघा, ४५ ला थांबवा, बाकी हातानं कमी-जास्त करा. कॉम्प्रेसरचा एक फायदा आहे, रिमवरून निसटलेला ट्यूबलेस टायर हातपंपानं चढत नाही, तो इथे एका दमात चढतो. कडांना साबणाचं पाणी लावून घ्या.

तिसरं, गरम पंक्चर काढू देऊ नका. पातळ ट्यूब त्या तव्यावर वितळते. सोल्यूशन आणि ठिगळ आपलं ठेवा.

संत्राबागाईत

बागेच्या बाजूनं सांगतो. बागेतून जाणारी पांदण सरकारी असते, पण दोन्ही बाजूचं लोकायचं पोट आहे.

संत्र्याचे दोन बहार. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, तोड ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. मृगाची फुलं जून-जुलैत, तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुमी डिसेंबर अखेर येता तं आंबियाची तोड सरत आली असन. तेव्हा ट्रॅक्टर अन् छोटे टेम्पो क्रेट भरून पांदणीनं निघते. ती गाडी रिव्हर्स घेऊ शकत नाही, थांबून बाजूले व्हायचं तुमीच. भरल्या गाडीचे चाक गेले की चाकोरी खोल होते. चाकोरीत चाक गेलं तं बाहेर काढाले हँडल झटकू नका. वेग कमी करा, अंग मागं घ्या, चाकोरीचा काठ जिथं बसलेला दिसन तिथं चाक वर चढवा. बंडीच्या जुन्या चाकोऱ्या अरुंद असते, तुमचं टायर त्यात दोन्ही बाजूनं दबते, तिथं पडण्याची शक्यता जास्त.

आंबिया फुटाले झाडाले ताण देते. डिसेंबरात पाणी बंद, मंग जानेवारीत पहिलं पाणी सोडते. ज्याच्याकडं ठिबक नाही तो पाटानं सोडते. त्या आठवड्यात पांदण आभाळ कोरडं असूनही ओली राहते. अंदाज पाहून येणारे इथं फसते. रस्त्यावर पाणी दिसलं तं वरच्या अंगाले विहीर कोठी आहे ते पहा, मोटर चालू असन तं पुढं चिखल पक्का.

ठिबकच्या काळ्या नळ्या पांदण ओलांडून गेल्या असल्या तं सायकल उचलून पलीकडं ठेवा. चाकानं नळी चेंदली तं फाटत नाही, पण जोड सुटते, अन् पुढच्या ओळीले पाणी जात नाही. शेतकऱ्याले ते चार दिवसानं कळते, झाडाची पानं वळल्यावर.

झाडावर फळ लय असलं की फांदीले बांबूचे टेकू लावते. काही टेकू पांदणीकडं झुकलेले असते, बरोबर खांद्याच्या उंचीवर. एका टेकूवर फांदी अन् फांदीवर पाच-सात डझन फळ. हँडल लागलं तं फांदीच मोडते.

फवारणी चालू दिसली तं वारा कोणीकडं आहे ते पहा अन् थांबा, पंधरा-वीस मिनिटं. तोडून खाऊ नका, खाली पडलेलंही उचलू नका. फवारा कालच मारला असन तं कळाले मार्ग नाही. विचारलं तं लोक हातात आणून देते. विकत घ्याचं असन तं क्रेटजवळच्या माणसाले विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं: तार. रानडुकरं अन् रोही (नीलगाय) पिकात येते म्हणून धुऱ्यावर झटका मशीनच्या तारा असते. मशीनचा झटका लागते पण माणूस मरत नाही. काही जण मात्र लाईनचा करंट सरळ तारेत सोडते. ते बेकायदा आहे, त्यानं माणसं मेली आहे. रात्री सोडलेला करंट सकाळी बंद कराचा राहून जाते. म्हणून दिवस उगवायच्या आधी अन् मावळल्यावर शेताच्या कडेनं जाऊ नका, कोणत्याच तारेवरून सायकल पलीकडं देऊ नका. लोखंडी फ्रेम असो का ॲल्युमिनियम, करंटले फरक पडत नाही.

पांदणवाट

संत्राबागाईत भाऊ, जानेवारीतल्या पाण्याचं कुठेच लिहिलेलं सापडलं नव्हतं. आमचा मार्ग २८ ते ३१ डिसेंबर ठेवतो, म्हणजे ताण चालू असताना.

नकाशाचं काय? फोनवरच्या नकाशात अर्ध्या पांदणी दिसत नाहीत, आणि ज्या दिसतात त्यातल्या काही मध्येच संपतात.

तलाठीनकाशा

गाव नकाशा वापरा. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो. नोंदीप्रमाणे गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी नांगर सरकत आलेला असतो, एकवीस फुटांची पांदण सात फुटांवर आलेली दिसते. नकाशावर दुहेरी रेषा असेल तर तो वहिवाटीचा रस्ता, तिथून जायला कुणाची आडकाठी नसावी. एकेरी रेषेवर माणूस दिसला तर विचारून जा. जिथे रेषाच नाही तिथे धुऱ्यावरून जायची परवानगी शेतकऱ्याचीच.

मार्ग आखताना दोन थर वापरा. आधी गाव नकाशातून दुहेरी रेषा काढून घ्या, मग उपग्रहाच्या चित्रावर त्याच रेषा तपासा. चित्र एप्रिल-मेचं निवडा, कारण तेव्हा शेतं रिकामी असतात. तांबूस-पांढरट दिसली ती मुरमाची, करडी-काळी दिसली ती मातीची. ज्या ठिकाणी रेषा नाल्याला लागून तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते तिथे पूल नाही असं धरा.

शेत-पाणंद रस्त्यांच्या योजनांमधून अलीकडे बऱ्याच पांदणींवर खडी-मुरूम पडला आहे. खडी टाकून रोलर फिरवलेला रस्ता सुंदर. खडी टाकून रोलर न फिरवलेला रस्ता ग्रॅव्हल सायकलचा शत्रू, चाळीस-पन्नास मिलिमीटरचे सुटे दगड, तिथे कडेच्या गवतातून चाला.

अप्पर वर्धा धरणाचे कालवे लक्षात घ्या. कालव्याचा सेवारस्ता मुरमाचा, जवळपास सपाट, आणि वाहतूक नाही. तिवसा, चांदूर रेल्वेच्या बाजूला असे लांब टप्पे मिळतात. पाऊस झाला आणि आराखडा बदलावा लागला तर हा पर्याय. एक सावधगिरी: रब्बीच्या आवर्तनात कालवा भरून वाहतो. अस्तर काँक्रीटचं, उताराचं आणि शेवाळलेलं. आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. दोघं जोडीनं चालवू नका, एकामागे एक, आणि कालव्याच्या विरुद्ध कडेनं.

हौजकटोरा

तिसऱ्या दिवसाच्या गावांबद्दल.

रिद्धपूर महानुभावांचं मोठं स्थान, गोविंदप्रभूंचा मुक्काम इथला, आणि तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथेच सिद्ध केलं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानला जातो तो. मराठी भाषेचं विद्यापीठही आता इथेच. गावात गल्ल्या अरुंद, सायकल हातात धरून फिरा. देवळांजवळ क्लीट (पायडलमध्ये अडकणारी खुंटी) लावलेले बूट घालून जाऊ नका, फरशी घासली जाते आणि पायही घसरतो. दीड तास तरी ठेवा.

रिद्धपूर ते चांदूर बाजार भारी काळी जमीन आहे. तुमच्या मार्गातला सर्वांत नाजूक टप्पा हाच. आदल्या आठवड्यात पाऊस असेल तर सरळ डांबरी रस्ता घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. गावाबाहेर हौज कटोरा आहे, तळ्याच्या मधोमध उभी अष्टकोनी इमारत, भोवती शेतं. तिथपर्यंत पोचायचं ते पांदणीनंच. दुपारी उशिरा जा, पश्चिमेचा उजेड कमानींच्या आत शिरतो तेव्हा दगडावरची नक्षी दिसते. वर चढू नका, बांधकाम कमकुवत आहे.

शकुंतला रेल्वेची अरुंद लाईन, अचलपूर–मूर्तिजापूर ७६ किलोमीटर, रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर. गाड्या बंद आहेत, म्हणून बरेच सायकलवाले रुळांमधून जायचा बेत करतात. करू नका. जमीन रेल्वेची आहे, आणि सुट्या गिट्टीवर, स्लीपरांवर सायकल चालतच नाही, रिम जाते. लाईनीच्या बाजूनं गावांना जोडणाऱ्या पांदणी आहेत त्या घ्या.

मुक्तागिरी परतवाड्याहून जवळ, खरपीमार्गे. जैनांची ५२ मंदिरं डोंगराच्या कुशीत, धबधब्याभोवती. जागा मध्य प्रदेशच्या हद्दीत येते. सायकल खाली पायथ्याशी लावा, वर पायऱ्या आहेत. सोबत कुलूप न्या.

घाटदाता

चिखलदऱ्याचा विचार असेल तर गिअर तपासा.

अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर, चिखलदरा १,११८. म्हणजे निव्वळ चढ साडेसातशे मीटर. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे अंतर तीसेक किलोमीटर, पण सुरुवातीचा भाग जवळजवळ सपाट, चढ सगळा शेवटच्या टप्प्यात. रस्ता डांबरी.

पुढे ३० आणि मागे ३४ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.९४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी ७ किलोमीटर. सामानासह हे जमतं. एकच चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) असेल तर ४० ला मागे किमान ४२ हवेत, ताशी साडेसात. पुढे ५०/३४ आणि मागे २८ अशी डांबरी रस्त्याच्या सायकलची रचना असेल तर त्याच वेगाला फेऱ्या ४५ च्या आसपास येतात, गुडघ्यावर ताण येतो. मागचं कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) बदला, आणि बदलताना डिरेल्युअरची कमाल क्षमता आणि चेनची लांबी दोन्ही तपासा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर चेन ताणून बसली तर डिरेल्युअर उपटतो.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात, मग सोडा. ब्रेकचे पॅड सिंटर्ड (धातूचे) घाला. बेसाल्टची बारीक भुकटी रेझिन पॅड फार लवकर खाते, चिखलात तर एका दिवसात.

गाविलगड बघायचा असेल तर तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात आहे. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून, सायकल बाहेर ठेवून पायी जा. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. उत्तरेकडच्या बाजूनं तटाला पाडलेलं खिंडार हीच इतिहासातली कळीची जागा, ती मुद्दाम बघा. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर सायकल नेऊ नका, विचारल्याशिवाय तर नाहीच. पायथ्यालाही पहाटे आणि सांजेला बिबट्या, अस्वल फिरतात. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली की अस्वलं झाडाखालीच असतात.

खामगाववाला

साधी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) माउंटन बाइक, २ इंची टायर. चालेल का? की ग्रॅव्हलच हवी?

मुरूमखडी

चालेल. पायथ्याच्या गोट्यांत ती जास्त आरामाची. डांबरी जोडरस्त्यांवर मागे पडाल इतकंच. सस्पेन्शन फोर्कच्या नळ्यांवरची धूळ रोज ओल्या फडक्यानं पुसा, फुफाट्यानं सील खराब होतं. चेनला पातळ ड्राय ल्यूब किंवा वॅक्स. जाड ओलं तेल लावलं तर तासाभरात त्याची काळी पेस्ट होते आणि ती दाते घासते.

वर्धेकाठ

पाण्याचं राहिलं. डिसेंबरातही ताशी ६००-७५० मिलिलिटर धरा, दोन बाटल्या आणि पाठीवर दीड लिटर. वरुड तालुक्यात भूजल फार उपसलं गेलंय, पायथ्याच्या गावांत हातपंप कोरडे असू शकतात. शाळा, ग्रामपंचायत, देऊळ इथे पाणी मिळतं. बोअरचं जड पाणी सवय नसेल तर पोट बिघडवतं, गाळून, उकळलेलं घ्या. सोबत ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे. सकाळी आठनंतर फाट्यावर तर्री-पोहे, आलुबोंडा मिळतो. तर्री राइड संपल्यावर, चढाच्या आधी नको.

पहाटे ८-१० अंशांपर्यंत गारठा असतो. हातमोजे पूर्ण बोटांचे.

पांदणवाट

हँगर तुटलाच, आणि जोडीचा हँगर नसेल तर?

घाटदाता

हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून आपापला एकेक जादा नेणं हे पहिलं उत्तर. बदलायला दहा मिनिटं, ४ आणि ५ मिलिमीटरची ॲलन की.

नसेल तर सायकल एकगिअरी करा. चेन टूलनं चेन तोडा, किंवा क्विक लिंक (चेनची उघडता येणारी कडी) उघडा. डिरेल्युअर केबलसकट काढून फ्रेमला बांधा. चेन पुढच्या छोट्या चेनरिंगवरून मागच्या मधल्या चक्रावर, सरळ रेषेत येईल अशी धरा. तिरकी राहिली तर ती मोठ्या चक्राकडे चढत जाते, ताणते आणि तुटते. जिथे चेन घट्ट पण न खेचता मिळते तिथे जास्तीच्या कड्या काढा आणि क्विक लिंक लावा. चेन ११ स्पीडची असेल तर लिंकही ११ चीच हवी, १० ची बसलेली वाटते पण भारात सुटते. नंतर उभं राहून जोर लावू नका, बसूनच चालवा, चढ पायी. ३० ते ३५ किलोमीटर अशी सायकल आरामात मुक्कामाला नेता येते.

तलाठीनकाशा

दुसऱ्या दिवसाबद्दल एक सूचना. वरुड–शेंदुरजनाघाट–सालबर्डी या दिशेनं दुपारभर ऊन समोरून आणि डावीकडून येतं, आणि पायथ्याचा गोट्यांचा भाग थकल्यावर लागतो. उलट केलं तर बरं: पहिल्या दिवशी मोर्शीहून सकाळीच सालबर्डी, पायथ्यानं शेंदुरजनाघाट, मुक्काम वरुड. दुसऱ्या दिवशी बागांमधल्या सोप्या पांदणींनी परत मोर्शी. शेंदुरजनाघाटला संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. तिथे दुपारी पोचलात तर कामगार कलमं बांधताना दिसतील.

पांदणवाट

उलटच करतो. महाशिवरात्रीला पुन्हा यायचा विचार होता, सालबर्डीच्या महादेवासाठी.

संत्राबागाईत

शिवरात्रीच्या यात्रेत सालबर्डीचा रस्ता पायी चालणाऱ्यायनं भरते, सायकलले जागाच उरत नाही. यात्रेच्या आधी-मागचे तीन-चार दिवस सोडून या. तेव्हा आंबियाचा फुलोरा सरत आला असते, बागेत बारीक हिरवी फळं धरलेली, अन् मृगाची तोड चालू. त्या तोडीत पांदणीवर गाड्या सकाळी नऊच्या आत रिकाम्या येते अन् चारनंतर भरून जाते. मधल्या वेळात चालवा.